वाघमारे मॅडम आणि माझं गाजलेलं पत्र

मार्केट यार्डातल्या आमच्या बँकेच्या शाखेत फोन केला, की दुसरी घंटा पुरी व्हायच्या आत उत्तर यायचं, "वाघमारे बोलतेय. बोला." नमस्कार नाही, बँकेचं नाव नाही, शुभ सकाळ तर नाहीच. मुख्य कार्यालयाकडून एकदा परिपत्रक आलं, की फोन उचलल्यावर अमुक एक वाक्य म्हणावं. मी ते त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढं म्हणेपर्यंत माणसाचं काम उरकतं की हो." परिपत्रक फायलीत गेलं आणि वाघमारे मॅडम "बोला" म्हणत राहिल्या.

त्या जन्मापासून अंध होत्या. हे दुसऱ्या परिच्छेदात सांगतोय, कारण पहिल्यात सांगितलेलं त्यांना आवडलं नसतं. मूळच्या अकोल्याच्या. वडील गिरणीत कामाला होते. त्यांनी पोरीला एकच गोष्ट शिकवली असं त्या म्हणायच्या, "मागायचं ते हक्काचं मागायचं, उपकाराचं नाही." पुण्यात पंचवीस वर्षं काढून त्यांची भाषा आमच्यासारखीच झाली होती. आमच्यापेक्षा जरा धारदारच. फक्त मनापासून आनंद झाला, की त्या एकदम वऱ्हाडीवर यायच्या. असं वर्षातून दोन-तीनदाच व्हायचं.

त्यांचा टेलिफोन बोर्ड दाराशेजारी होता, त्यामुळे आत येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्यावर आदळायचा. कांद्याबटाट्याचे एक आडतदार एकदा घाईत आले आणि त्यांच्यासमोर चिठ्ठी नाचवत म्हणाले, "अहो बाई, केव्हाची समोर धरलीय, दिसत नाही का?"

"नाही दिसत," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला दिसतंय ना? मग वरचा बोर्ड वाचा. चौकशी, खिडकी तीन."

आडतदार नंतर ओशाळून हापूसची पेटी घेऊन आले. ती त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवली तेव्हा मॅडम पुन्हा म्हणाल्या, "खिडकी तीन." पेटी सगळ्या शाखेत वाटली गेली. मॅडमनी एक आंबा घेतला आणि तो किती पिकलाय यावर खिडकी तीनच्या बाईंशी पाच मिनिटं वाद घातला.

त्यांच्या मनगटावर झाकणाचं घड्याळ होतं. काच उघडायची, काट्यांवर बोट फिरवायचं, काच बंद. टक्. मॅनेजरांचं भाषण लांबलं, की ते घड्याळ दर दोन मिनिटांनी वाजायचं. वेळ बघायला कोण मनाई करणार? तीन मॅनेजर आले आणि बदलून गेले, पण त्या आवाजाबद्दल बोलायची हिंमत एकाचीही झाली नाही.

आता माझ्याकडे येतो. आलो नसतो तर बरं झालं असतं, पण मग हे लिहिण्यात अर्थ नाही.

मी वाघोलीला राहतो. मॅडम चंदननगरला एकट्या राहायच्या. संध्याकाळी दोघं रिक्षाने स्वारगेटला यायचो आणि तिथून वाघोलीची बस धरायचो. चंदननगर माझ्या आधी येतं. तिथे मी म्हणायचो, "मॅडम, चला, आलं." त्या उठायच्या, घडीची काठी फटाफट उघडायच्या आणि उतरून जायच्या. अकरा वर्षं हा क्रम चालला. त्याचं मला भूषण होतं. घरी, सोसायटीत, नातेवाइकांत मी ते सांगत असे, आणि ऐकणारे म्हणत, "कुलकर्णी, हल्ली कोण करतं एवढं?" मी म्हणे, "त्यात काय एवढं." असं म्हणायलाही बरं वाटायचं.

नगर रस्ता कसा आहे ते पुणेकरांना सांगायला नको. सरळ आणि लांबलचक, आणि कुठे ना कुठे खणलेला. एकदा मी मॅडमना मोठ्या शहाणपणाने विचारलं होतं, की वळणांवरून, वासांवरून वगैरे तुम्हाला थांबा कळत असेल ना. त्या म्हणाल्या, "वळण असायला हवं आधी. आणि वासाचं म्हणाल तर मार्केट यार्ड सोडलं, की सगळ्या पुण्याला धुराचा एकच वास येतो." थांबे मोजावेत, तर उतरणारं कुणी नसलं की ड्रायव्हर थांबा गाळतो. म्हणजे उरलो मी.

एकदा मी झोपलो. मार्चअखेरचे दिवस होते, डोळा लागला तो थेट वाघोलीच्या शेवटच्या थांब्यावर उघडला. मॅडम शेजारी ताठ बसलेल्या, हातात मिटलेली काठी.

"अहो, उठवायचं नाही का मला?" मी उलटा त्यांच्यावरच चिडलो.

"तुम्ही घोरत होतात. म्हटलं, दमला असाल."

"मग दुसऱ्या कुणाला विचारायचं."

"विचारलं. एक जण म्हणाला अजून आहे, दुसरा म्हणाला मागे गेलं. मग म्हटलं, तुम्ही तरी ओळखीचे आहात."

रिक्षाने त्यांना परत सोडलं. दुसऱ्या दिवशी शाखेत त्यांनी ही गोष्ट सांगितली ती अशी, की काल मीच गप्पांच्या नादात उतरायची विसरले आणि कुलकर्ण्यांना उगाच हेलपाटा पडला. मी शेजारीच उभा होतो. दुरुस्ती केली नाही.

पुढे बसमध्ये थांब्यांच्या घोषणा सुरू झाल्या. पुढचा थांबा कुठला, आत्ताचा कुठला, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, एका बाईच्या आवाजात. पहिल्या संध्याकाळी मॅडम माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मान वर करून स्पीकरकडे कान लावून बसल्या होत्या. येरवडा गेलं, रामवाडी गेली. चंदननगरचं नाव आलं तशा त्या माझ्या आधी उठल्या आणि म्हणाल्या, "मस्त वाटून राहिलं, बाप्पा." दुसऱ्या दिवशी रिक्षात मला म्हणाल्या, "या रस्त्यावर इतके थांबे आहेत, हे अकरा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं." मी हसलो. मी फक्त त्यांचाच थांबा सांगत आलो होतो, बाकीच्यांशी त्यांना काय करायचंय, हे मीच ठरवलेलं.

मग त्या हिंडायला लागल्या. एका सोमवारी सहज म्हणाल्या, "काल खडकवासल्याला जाऊन आले."

"कुणाबरोबर?"

"बसबरोबर."

"धरणावर काय करणार तुम्ही?"

"तुम्ही काय करता? वारा घेता, भजी खाता आणि परत येता. मीही तेच केलं."

थोड्याच दिवसांत त्यांनी मला सांगितलं, "उद्यापासून माझ्यासाठी थांबत जाऊ नका. माझी निघायची वेळ रोज वेगळी. मी जाईन माझी." मी म्हणालो, "अहो, बरंच झालं." ते बरं झालं नव्हतं. एकटा बसमध्ये बसलो की चंदननगरला माझी मान आपोआप शेजारी वळायची. सोसायटीत सांगायला काही उरलं नव्हतं. आणि त्याच सुमारास मला घोषणांचा तो आवाज असह्य व्हायला लागला.

माझं मराठी बरं आहे, असं लोक म्हणतात. वाचकांच्या पत्रव्यवहारात माझी पत्रं छापून यायची. पाणी, कुत्री, फटाके, काही सोडलं नव्हतं. या घोषणांवर मी जे लिहिलं ते तर फार जमलं. सबंध पत्र आठवत नाही, आठवतं ते पुरेसं आहे. 'दिवसभर साहेबाचं ऐकून आलेल्या प्रवाशाने आता बसचंही ऐकायचं?' असं एक वाक्य होतं. आणि शेवट असा होता: 'पुणेकराला आपला थांबा माहीत असतो. ज्याला नसतो, त्याने बसमध्ये बसण्याआधी थोडा विचार करावा.' एक प्रत वर्तमानपत्राला आणि एक नेहमीच्या प्रवाशांच्या सह्या घेऊन डेपोला, असा बेत होता.

जेवणाच्या सुट्टीत मी ते पत्र मॅडमना वाचून दाखवलं. माझं प्रत्येक पत्र मी त्यांना वाचून दाखवत असे. त्यांच्याइतका चांगला कान शाखेत दुसरा नव्हता. त्या डबा पुढ्यात ठेवून ऐकत राहिल्या. मध्ये घड्याळाची काच वाजली. थोड्या वेळाने पुन्हा वाजली. शेवटचं वाक्य मी जरा थांबून, ठासून वाचलं.

"चांगलं उतरलंय," त्या म्हणाल्या. "'कर्कश' दोनदा आलंय. एक काढा."

मी लगेच काढलं. "सही करता ना? सगळ्या नेहमीच्या मंडळींनी केलीय."

"नको. माझी नको."

"बरं," मी म्हणालो आणि कागद घडी करून खिशात टाकला. का नको, हे विचारलं नाही. मला उत्तर माहीत नव्हतं म्हणून नाही. माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही. इतकी वर्षं हे वाक्य मी स्वतःलाही नीट म्हणून दाखवलं नव्हतं.

पत्र छापून आलं. खूप गाजलं. बसमध्ये देशपांडे नावाचे एक गृहस्थ असायचे, त्यांनी ते घडी करून पाकिटात ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शेवट वाचून दाखवू लागले. पुण्यात तक्रारीचा निकाल लागायला जन्म जातो म्हणतात, पण आमची तक्रार आठवड्याभरात मिटली. आमच्या मार्गावरचे ड्रायव्हर आवाज बंद करू लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पॅसेंजरचीच कंप्लेंट हाय." देशपांड्यांनी बसमध्ये पेढे वाटले. मीही खाल्ला.

मॅडमनी दोन आठवडे एकट्याने येऊन पाहिलं. हे मला नंतर खिडकी तीनच्या बाईंकडून कळलं. कंडक्टरला सांगून ठेवायच्या, तो गर्दीत विसरायचा. एकदा रामवाडीलाच उतरल्या, एकदा खराडी बायपासला. तिथून उलटं येताना खणलेल्या पदपथाच्या कडेकडेने काठी टेकत अर्धा तास चालल्या. मी त्यांना म्हटलं होतं, मोबाइलवर थांबे सांगणारं ॲप असतं की. त्या म्हणाल्या, "एका हातात काठी, एका हातात दांडा. आणि कानात बोंडं घातली, तर मागून येणारी मोटारसायकल कोण ऐकणार, तुम्ही?"

मग एका दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. स्वतःची जागा सोडून त्या सहसा कुणाच्या टेबलाशी जात नसत. टेबलाची कड बोटांनी चाचपून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कुलकर्णी, उद्यापासून तुमच्याबरोबर येत जाऊ का परत? तुमची अडचण नसेल तर."

तेव्हा मला काय वाटलं ते लिहिताना पेन जड होतंय. मला आनंद झाला. "अहो, विचारता काय," मी म्हणालो, "आपलीच बस आहे." आणि त्या संध्याकाळी घरी मी सांगितलं, की मॅडमना परत माझी सोबत लागते.

आम्ही पुन्हा शेजारी बसू लागलो. चारेक दिवसांनी एकदा मी पेपर वाचत होतो आणि शेजारून पुटपुट ऐकू आली. पाहिलं तर मॅडमचे ओठ हलत होते. घोषणेतल्या त्या बाईच्याच चालीत, अगदी तसाच हेल काढून त्या म्हणत होत्या, "पुढील थांबा, रामवाडी." थोड्या वेळाने, "पुढील थांबा, विमाननगर." बस थांबली की डाव्या हाताचं एक बोट दुमडायचं. मला न विचारता थांबा ओळखायची त्यांची खटपट चालली होती. मग मधल्या एका थांब्यावर ड्रायव्हरने बस थांबवलीच नाही. मॅडमच्या मोजणीत एक थांबा मागेच राहिला. चंदननगर आलं. मी गप्प राहून पाहिलं. त्यांच्या हिशोबाने अजून एक थांबा बाकी होता. काठी हातात धरून बसल्या होत्या, उठल्या नाहीत.

"मॅडम, चला, आलं," मी म्हणालो.

"चुकलं," त्या स्वतःशी म्हणाल्या आणि गडबडीने उठताना त्यांचं डोकं दांड्यावर आपटलं.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. कुणीतरी अंगावरचे कपडे ओढून घ्यावेत तसं झालं होतं. मी दुसरं पत्र लिहायला घेतलं. एकही मजेशीर वाक्य सुचेना. शेवटी साधं लिहिलं: आमची चूक झाली, अंध प्रवाशांना या घोषणांची गरज आहे, कृपया सुरू कराव्यात. वर्तमानपत्राने छापलं नाही. त्यात छापण्यासारखं होतं काय? डेपोत गेलो, तर तिथल्या साहेबांनी पहिलं पत्र दाखवलं. "बावीस सह्या आहेत, साहेब. तुमचीच पहिली. आता बावीस सह्या उलट्या आणा." मी देशपांड्यांकडे गेलो. ते म्हणाले, "एका माणसासाठी सगळ्या बसने डोकं उठवून घ्यायचं होय? आणि तुम्ही आहात की त्यांना सांगायला." पाच सह्या जमल्या. त्यांतली एक माझी, एक माझ्या बायकोची.

मॅडमना मी हे सगळं सांगितलं. पहिल्या पत्राचं खरं कारणही सांगितलं, अडखळत, रिक्षात, तोंड बाहेर करून.

"पत्र वाचून दाखवलंत तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "आवाजाचा कंटाळा आलेला माणूस इतका मन लावून लिहीत नाही."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुम्ही सांगता तो उपकार, ती बाई सांगते ती सोय. हे मी तुम्हाला समजवायचं, आणि मग संध्याकाळी परत तुमच्याच शेजारी बसायचं?"

मी माफी मागितली. त्यांनी "ठीक आहे" म्हटलं नाही. टक् करून घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "आज रिक्षाला उशीर होतोय."

त्याच वर्षी शाखेतला टेलिफोन बोर्ड काढला. फोन केला की आता यंत्र बोलतं, मराठीसाठी एक दाबा. मॅडमना आतल्या खोलीत बसवलं, काम काही नाही. त्या म्हणायच्या, "बँकेत मला काढून मशीन बसवलं आणि बसमध्ये मशीन काढून तुम्हाला बसवलं. दोन्हीकडे माझीच गैरसोय." शाखा खो खो हसायची. निवृत्तीला दोन वर्षं होती तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि भावाकडे अकोल्याला जायचं ठरवलं. का, असं सगळ्यांनी विचारलं. या वेळीही मी विचारलं नाही.

निरोपाच्या दिवशी नारळ, शाल, भाषणं झाली. मॅनेजर लांबले, घड्याळ वाजलं. संध्याकाळी आम्ही नेहमीची बस धरली. माझी जागा खिडकीची, त्या शेजारी, मांडीवर शाल आणि नारळाची पिशवी. बस सुटल्यावर म्हणाल्या, "कुलकर्णी, आज एक काम करा. सगळे थांबे सांगा. मोठ्याने. त्या बाई सांगायच्या तसे. शेवटचं एकदा ऐकत जाते."

मी घसा साफ केला. पहिला थांबा सांगितला, दुसरा सांगितला. आवाज जरा चढवला. पुढची दोन-चार डोकी वळली. तिसरा सांगितला तेव्हा देशपांडे दोन बाक पलीकडून म्हणाले, "काय हो, पत्रवाले? आता तुमच्याविरुद्ध सह्या गोळा करायच्या का?"

बस हसली. मीही हसलो. हसलो आणि गप्प झालो. मॅडम मान वर करून वाट पाहत होत्या. येरवडा आलं आणि गेलं. रामवाडी आली आणि गेली. एकेका थांब्याला त्यांची मान थोडी थोडी खाली येत गेली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. चंदननगर जवळ आलं तेव्हा त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणालो, "मॅडम, चला, आलं."

सामान जड होतं म्हणून मी मागून, न बोलता, त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि दारापर्यंत गेलो. त्या उतरल्या, मी वरून पिशवी हातात दिली. मागची माणसं उतरायला रेटत होती, मॅडमना वाटलं, त्यांच्यातल्याच कुणीतरी दिली. "थँक्यू हं, दादा," त्या म्हणाल्या. काठी फटाफट उघडली. मग मागे वळून, चार पावलं चालत बसच्या माझ्या नेहमीच्या खिडकीखाली आल्या आणि हात उंच करून हलवू लागल्या. "येते, कुलकर्णी," रिकाम्या खिडकीला त्या म्हणाल्या.

मी दारात उभा होतो, त्यांच्यापासून चार पावलांवर. मी इथे आहे, एवढंच म्हणायचं होतं. देशपांडे माझ्याकडे बघत होते. कंडक्टरने घंटी मारली आणि बस निघाली. मागच्या काचेतून पाहिलं, तेव्हाही त्यांचा हात वरच होता.